भटक्या कुत्र्यांवर पत्रं खूप झाली, आता घरातल्या जोडीवर पण बोलूया

प्रति,
संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस तुमच्या पेपरात भटक्या कुत्र्यांवर पत्रांमागून पत्रं येतायत. महापालिका झोपलीय, गाडी येत नाही, रात्री कामावरनं येणाऱ्याच्या मागं लागतात वगैरे. सगळं खरंय, मी पण रात्री दुकान बंद करून सांगलीच्या विश्रामबागेतनं गाडीवर येतो, मला पण भीती वाटते. पण एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. रस्त्यावर दिसणारी सगळीच पिल्लं रस्त्यावर जन्मलेली नसतात. कितीतरी चांगल्या टाइल्सच्या घरात, जिन्याखाली गोधडीवर जन्मतात, महिना-दीड महिना लाडात वाढतात आणि मग कुणीच न्यायला तयार नाही म्हटल्यावर पोत्यातनं मार्केट यार्डाच्या मागं नाहीतर नदीकाठाला जाऊन पडतात. आणि सोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी महापालिकेला शिव्या देतो.

माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, पण काउंटरवर उभं राहिलं की सगळ्या घरांच्या गोष्टी कानावर पडतात. आणि ज्या घरात नर पण आहे, मादी पण आहे आणि दोघांपैकी एकाचंही नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही, त्या घरातली गोष्ट दरवेळी एकाच रस्त्यानं जाते.

आपल्याकडं हौस असते जोडीची. एक आणलं तर एकटं पडतंय, जोडीच द्या. जोडी म्हणजे नर-मादी, शक्यतो एकाच वेतातली, कारण ती एकमेकांत रमतात. काही महिने सगळं गोड चालतं, फोटो काय, स्टेटस काय. मग एक दिवस फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात आणि माणूस दुकानात येतो. मी विचारतो नर कुठाय, तर म्हणतो "घरातच हाय की, काय न्हाय ओ होत, भाऊबहीण हायत ती." आता काय बोलायचं. कुत्र्यांना भाऊबहीण, आई-मुलगा, बाप-लेक काही कळत नाही, वास आला की संपलं. मादी साधारण सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीही पहिल्यांदा माजावर येते, मोठ्या जातीत दीड-दोन वर्षंपण लागतात, आणि नर सहा-सात महिन्यांचा झाला की तयार होऊ शकतो, आपल्याला मात्र तो अजून पिल्लूच वाटत असतो. भाद्रपदात कुत्री माजावर येतात असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बऱ्यापैकी तसंच असतं, पावसाळा सरताना. घरात पोटभर खाणारी मात्र महिना बघत नाही, साधारण दर सहा-सात महिन्यांनी येते, उन्हाळ्यात पण येते.

खरी गोम पुढं आहे. लोक रक्त दिसतंय तोवर जपतात. नऊ-दहा दिवस झाले, रक्त कमी झालं, लालचं फिकट पिवळसर झालं, की म्हणतात झालं संपलं, आणि दार उघडतात. अहो संपत नाही, तिथनं तर सुरू होतं. पहिल्या आठवडाभरात ती नराला जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, बसते खाली. रंग फिका झाला की तीच शेपटी बाजूला करून उभी राहते, आणि हे पुढचे आठ-दहा दिवस सगळ्यात धोक्याचे. कुणाचं लवकर होतं, कुणाचं लांबतं, त्यामुळं आकडा धरून बसू नका. पहिला थेंब दिसला त्या तारखेला कालनिर्णयवर गोल करा, जिथं दुधाचा हिशोब लिहिता तिथंच, आणि किमान तीन आठवडे, माझं ऐकाल तर चार, दोघं एका खोलीत येता कामा नयेत. लक्ष ठेवतो, घरात कायम कुणीतरी असतंय, हे मला सांगू नका. अंगणात कपडे वाळत घालायला गेलं तेवढ्यात काम झालेलं असतं.

वेगळं ठेवणं म्हणजे काय ते पण सांगतो, कारण साखळीनं बांधणं म्हणजे वेगळं ठेवणं असं बऱ्याच जणांना वाटतं. मादीला अंगणात बांधली तर तुमचा नर राहिला बाजूला, गल्लीतले चार नर कंपाउंडवरनं उड्या मारून येतात आणि बांधलेल्या मादीला तर पळतापण येत नाही. लोखंडी जाळीच्या गेटचापण भरवसा नाही, जाळीतनं लागल्याची उदाहरणं आहेत. मधे दोन बंद दारं पाहिजेत, म्हणजे एक दार पोरानं चुकून उघडं टाकलं तरी दुसरं असतं. मादीला बाहेर न्यायची ती बेल्ट लावून, गल्लीत वर्दळ नसताना, आणि आल्यावर नर त्या जिन्यात-पोर्चमध्ये हुंगत बसणार म्हणून जागा पुसून घ्यायची. सगळ्यात बरं म्हणजे ते तीन-चार आठवडे नराला पाव्हण्याकडं, मळ्यातल्या वस्तीवर कुठंतरी धाडायचं, अर्थात तिथं मादी नाही ना हे विचारून. ज्यांचं टू बीएचके आहे आणि पाव्हणे पण तसेच, त्यांनी हे सगळं वर्षातनं दोनदा, पुढची दहा वर्षं करायचंय हे डोक्यात घ्यावं. मला तरी हे झेपण्यातलं वाटत नाही.

नराचे हाल कुणी बघत नाही. दाराशी रात्रभर कण्हतो, दार ओरबाडतो, सोफ्याला मुततो, खात नाही, चार दिवसांत बरगड्या दिसायला लागतात. मग मालक येतो, लिव्हर टॉनिक द्या, भूक लागत नाही. माझं टॉनिक खपतं, मला काय, पण त्याला लिव्हरचं काही झालेलं नसतं. घरात दोन नर असतील तर आणखी वाईट, एरवी एका ताटात खाणारे एकमेकांचे कान फाडतात आणि सोडवायला गेलेल्या माणसाला टाके पडतात.

आता लोकांचे उपाय. शेपटीला निलगिरी तेल, विक्स, कापूर. नराचं नाक तुमच्या विक्सला फसत नाही, उलट मादीला आग होते ती वेगळीच. डायपर येतात हल्ली, घालायला हरकत नाही पण ते फरशीसाठी, नर ते फाडतो किंवा बाजूला सारतो. आणि तिसरा उपाय म्हणजे इंजेक्शन, "माज येऊच नये असं कायतरी द्या" नाहीतर "लागलीय, पाडायचं इंजेक्शन द्या." संपादक साहेब, हे मी काउंटरवरनं देत नाही आणि कुणी देत असेल तर घेऊ नका. या हार्मोनच्या औषधांनी गर्भपिशवीत पू होण्याचा धोका वाढतो. चुकून लागलीच तर डॉक्टरकडं लवकर जा, दोन महिने वाट बघू नका, ते तपासून काय करायचं ते सांगतील, पिशवी काढायचं ऑपरेशनपण करता येतं, ते कधी हे तेच ठरवतील. आणि दोघं चिकटलेली असताना पाणी ओतणं, काठीनं मारणं, ओढणं हे आपल्याकडं मोठी माणसं पण करतात, पोरं दगड मारतात ते सोडाच. ती मुद्दाम चिकटत नाहीत, नराचा अवयव आत फुगलेला असतो, पाच मिनिटं ते अर्धा-पाऊण तास, आपोआप सुटतात, ओढलं तर दोघांना जबर इजा होते. आणि ओढून गर्भ राहायचा थांबत नाही.

पिल्लं साधारण 63 दिवसांनी. 2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत माणसं, सामान, कुत्री सगळं वरच्या मजल्यावर एका खोलीत. तेव्हा कोण नर-मादी बघत बसणार, जीव वाचला हेच खूप होतं. दसऱ्याच्या पुढंमागं एकापाठोपाठ एक माणसं दुकानात, पिल्लांना जंताचं औषध द्या. पूर परत येणारच नाही असं कृष्णाकाठच्या माणसानं म्हणू नये, 2021 ला आलाच की.

आणखी एक, छोटी पॉमेरियन मादी आणि मोठा लॅब्रॉडॉर नर एका घरात असतात, पोरांना दोन्ही हवे असतात. पिल्लू मोठं झालं तर अडतं, सिझर करावं लागतं, रात्री दोनला डॉक्टर कुठं शोधणार. आणि पिल्लं आपल्याच नराची असतील याचीपण खात्री नाही, एका वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं असू शकतात, लॅब म्हणून दिलेलं पिल्लू पुढं ठिपक्या-ठिपक्याचं निघतं आणि मग पाव्हण्यारावळ्यांत भांडणं.

तर उपाय एकच, ऑपरेशन. दोघांचं केलं तर उत्तम. एकाचेच पैसे असतील तर आधी कुणाचं? नराचं सोपं असतं, खर्च कमी, दोन दिवसांत पळायला लागतो, म्हणून बरेच जण नराचं करून मोकळे होतात. माझं मत मादीचं आधी करा. नराचं केलं तरी गल्लीतले नर आहेतच, आणि पोटात पिशवी तिच्या आहे. माजानंतर महिना-दोन महिन्यांत पाणी भरमसाट प्यायला लागली, खात नाही, उलट्या, मागनं घाण येतेय, तर ते गॅस-बिस नाही, पिशवीत पू झालेला असू शकतो. कधी पिशवीचं तोंड बंद असतं, बाहेर थेंबपण दिसत नाही आणि ते तर जास्तच वाईट. उशीर झाला की कुत्री जाते. ऑपरेशन न केलेल्या माद्यांत वय वाढेल तसं हे फार वेळा होतं, मी दर वर्षी बघतो. लवकर ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोकापण कमी होतो असं डॉक्टर सांगतात. आणि नर-मादी रस्त्यावर मोकळी सुटतात त्यांना ती लागण होऊन पसरणारी लिंगाची-योनीची गाठ होते, रक्त टपकत राहतं, लोकांना वाटतं मादी कायमच माजावर आहे. त्याला मग आठवड्या-आठवड्यानं केमोचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. माज चालू असताना शक्यतो मादीचं ऑपरेशन करत नाहीत कारण तेव्हा रक्तपुरवठा जास्त असतो, दोन-तीन महिने थांबायला सांगतात. आणि नराचं काल ऑपरेशन झालं म्हणून आज दोघांना एकत्र सोडू नका, आधीचं वीर्य काही आठवडे शिल्लक असतं, महिना-दीड महिना तरी जाऊ द्या. लॅब, जर्मन शेफर्ड, असल्या मोठ्या जातीत फार लहान वयात केलं तर सांध्यांचा त्रास होऊ शकतो असंही अभ्यासात आलंय, त्यामुळं वय डॉक्टरला विचारून ठरवा, पण विचारायलाच जायचं नाही असं करू नका.

"नराचं केलं की राखण करत नाही, बायकी होतंय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. माझ्या घरी दोन्ही आहेत, नर आणि मादी, दोघांचं झालंय, या आणि रात्री गेट उघडून बघा. अनोळखी माणसावर भुंकायला वृषणं लागत नाहीत. फरक पडतो तो भटकण्यात, मुतत फिरण्यात, मादीसाठी मारामाऱ्या करण्यात. वजन वाढतं जरा, तर भाकरी कमी घाला. आणि "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला" म्हणणाऱ्यांनी ती सगळी पिल्लं लिहून द्यावीत कुणाकुणाकडं जाणार, त्यातल्या माद्या घ्यायला कोण तयार आहे ते पण. मादी कुणालाच नको असते, पोत्यात त्याच जास्त असतात.

जत-आटपाडीकडं कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळणारी जुनी माणसं आहेत, त्यांचं वेगळं, त्यांना जात टिकवायचीय, कुठल्या मादीवर कुठला नर हे त्यांना पाठ असतं आणि वेगळं ठेवायला जागा असते. त्यांना मी बोलत नाही. पण 2017 चे केंद्राचे नियम आहेत, पिल्लं पैदा करून विकायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, मादी दीड वर्षाची तरी पाहिजे, वर्षातनं एकच वेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तर स्पष्ट आहे, पाळीव कुत्र्याची लस, जंत आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. सुप्रीम कोर्टानं 22 ऑगस्ट 2025 ला भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली आणि चावरी वगळून, परत तिथंच सोडायला सांगितलं त्यावर सगळ्यांनी पानं भरली, या घरातल्या नियमावर एक ओळ वाचली नाही मी.

महापालिकेला माझं मागणं एवढंच, भटक्यांबरोबर पाळीवांसाठी पण आठवड्यातला एक दिवस कमी खर्चात ऑपरेशनचा ठेवा. शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज पार सातारा जिल्ह्याच्या त्या टोकाला, मिरजेच्या रिक्षावाल्यानं कुत्री घेऊन तिथवर जायचं का. आणि तुम्हाला एक विनंती साहेब. तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींत "लॅब्रॉडॉर पिल्ले विकणे आहे" असतं, खाली नुसता मोबाइल नंबर. ती जाहिरात घेताना नोंदणीचा नंबर मागा, नसेल तर छापू नका.

आपला,
एक वाचक आणि औषध दुकानदार,
सांगली