लेहच्या थंडीत गोठून फुटलेला लिक्विड कूल्ड कॉम्प्युटर: वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी मूळचा साताऱ्याचा, कामासाठी लेहला राहतो. वन्यजीवांच्या चित्रीकरणाचे एडिटिंग करतो. गेल्या सप्टेंबरात तुमच्या पुण्याच्या दुकानातून लिक्विड कूल्ड, म्हणजे आत द्रव फिरवून थंड ठेवला जाणारा, कॉम्प्युटर बांधून घेतला. ऑर्डर देताना मी ईमेलमध्ये लिहिले होते की मशीन लेहला जाणार आहे, तिथे हिवाळ्यात खोलीतले पाणीसुद्धा गोठते, त्या हिशेबाने कूलंट, म्हणजे आत फिरणारे हे द्रव, भरा. "काळजी करू नका सर, त्यात अँटीफ्रीझ असतेच," असे तुमचे उत्तर आले. अँटीफ्रीझ म्हणजे द्रव गोठू न देणारे रसायन. ते उत्तर सोबत जोडले आहे. माझी सगळी तक्रार या एका ओळीवर उभी आहे.

जानेवारीत घरच्या लग्नासाठी दहा दिवस साताऱ्याला होतो. जाताना मशीनचा प्लग काढला होता. खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी, पेटलेली नव्हती. परत आल्यावर थर्मामीटरवर किमान तापमानाची नोंद पाहिली, उणे 9. कॉम्प्युटरच्या टाकीत निळ्या बर्फाचा गोळा होता. बाहेर मात्र एक थेंबही नव्हता, कारण बर्फ गळत नाही.

बुखारी पेटवली आणि मशीनला हात लावला नाही. थंड यंत्र ऊबदार खोलीत आले की आत दव धरते, हे कॅमेऱ्यांमुळे मला ठाऊक आहे. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी सगळे वितळले होते, खाली टाकलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता. तरीही आधी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. "वितळले असेल तर चालू करा," असे सांगण्यात आले. चालू केले. वीसेक मिनिटांनी स्क्रीन काळी पडली. झाकण काढले तर सीपीयूवरच्या ब्लॉकच्या (सीपीयूची उष्णता कूलंटमध्ये घेणाऱ्या भागाच्या) ॲक्रिलिकला केसाएवढी चीर गेली होती. पंपाचा दाब येताच तिच्यातून निळे पाणी खालच्या ग्राफिक्स कार्डावर ठिबकत होते. ते कार्ड गेले. तापलेले कूलंट थंड करणारा रेडिएटरही एका कोपऱ्यात ओला लागतो.

फोनवरच्या माणसाने एवढे जरी सांगितले असते की मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप काही तास फिरवा आणि फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून गळती बघा, तरी कार्ड वाचले असते. मशीन बांधताना तुमचे कारागीर हीच चाचणी करतात, मी दुकानात उभे राहून पाहिली आहे.

तुम्ही वॉरंटी नाकारताना "नैसर्गिक आपत्ती" असे कारण दिले आहे. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री उणे 15 अंश होणे इथे नेहमीचे आहे. लोक संध्याकाळी नळाचे पाइप रिकामे करून झोपतात. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले. दर वर्षी येणाऱ्या हिवाळ्याला आपत्ती कसे म्हणायचे? पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. टाकीत वर हवा होती म्हणून टाकी वाचली. ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत फुगायला जागाच नव्हती.

तुम्ही दिलेल्या जादा बाटलीतले कूलंट मी एका वाटीत ओतले. दुसऱ्या वाटीत सोलर हीटर बसवणाऱ्याकडचे प्रॉपिलीन ग्लायकॉल हे अँटीफ्रीझ आणि तेवढेच पाणी घेतले. दोन्ही वाट्या रात्री खिडकीबाहेर ठेवल्या. त्या रात्री उणे 16 होते. सकाळी तुमच्या वाटीवर चमचा मारला तर दगडावर मारल्यासारखा वाजला. दुसरी वाटी कलती केली तर मिश्रण तेलासारखे संथ वाहिले. दोन्हींचे फोटो पाठवत आहे.

ग्लायकॉल वाढवले की कूलंट घट्ट होते, पंपावर ताण येतो आणि गारवा थोडा कमी होतो, असे तुमच्या तंत्रज्ञांनी नंतर मला ऐकवले. ते खरे आहे. पण ज्या खोलीत सकाळी 5 अंश असतात, तिथे थोड्या कमी गारव्याने काय बिघडणार होते? हा निर्णय मला विचारून घ्यायला हवा होता. नाहीतर मशीन बंद ठेवायचे असेल तेव्हा कूलंट काढून ठेवा, एवढे तरी लिहून द्यायचे. तुमच्या माहितीपुस्तिकेत तापमानाचा एक आकडाही नाही.

माझ्या मागण्या अशा. ब्लॉक, रेडिएटर आणि ग्राफिक्स कार्ड बदलून द्यावे, येण्याजाण्याचा खर्च तुम्ही करावा. नवे कूलंट किती अंशांपर्यंत टिकते ते बिलावर लिहावे. लडाख, हिमाचल, काश्मीर इथे तुम्ही पाठवलेल्या मशीनच्या मालकांना येत्या हिवाळ्याआधी कळवावे. त्यांच्याही टाकीत हेच निळे पाणी असेल, ही काळजी मला माझ्या नुकसानीइतकीच वाटते.

15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागेन. पुरेशा सूचना व इशारे न देणे हा दोष त्या कायद्यात उत्पादन दायित्वाखाली येतो.

फुटलेला ब्लॉक आणि उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. तुमचा माणूस येऊन केव्हाही पाहू शकतो.

आपला,
एक ग्राहक, लेह

सोबत: बिलाची प्रत, ईमेल, हेल्पलाइनच्या कॉलची नोंद, फोटो