वकीलताई, ते पान अजून फ्रीजवर आहे

ताई,

तुमचं बिल भरलं, रीतसर थँक यूही लिहिलं, तरी काहीतरी द्यायचं राहिलंय असं वाटतं. म्हणून हे मराठीत आणि चारचौघांत.

मेलबर्नला आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघराची कपाटं बसवून देतो. कंपनी म्हणजे एक व्हॅन आणि भाड्याचा गाळा. बोर्डवाल्याचा माल महिन्याभरात कडेने फुगला, तीन घरांतली दारं मी पदरच्या पैशांनी बदलली आणि वर त्यानेच ३१,४०० डॉलरची स्टॅच्युटरी डिमांड धाडली, म्हणजे पैसे भरा नाहीतर कंपनी गुंडाळायला कोर्टात जाऊ अशी कायदेशीर नोटीस. कंपनीचा नोंदलेला पत्ता अकाउंटंटच्या ऑफिसचा. तिथे पाकीट ट्रेमध्ये आठ दिवस पडून. "नेहमीचं पत्र वाटलं," म्हणे! पहिले वकील त्याच्या वरताण. "बोलणी करू, मुदत वाढवून घेऊ," यात आणखी पाच दिवस गेले.

तुम्ही एकच विचारलंत, "पाकीट पोचलं कधी?" मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलंत आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक चौकोन मोजलात. एकवीस. तेवढ्या दिवसांत डिमांड रद्द करायचा अर्ज आणि ॲफिडेव्हिट कोर्टात दाखल होऊन समोरच्याच्या हातात पडायला हवं, नाहीतर कंपनी दिवाळखोर धरली जाते आणि गुंडाळायचा अर्ज येतो. ही मुदत जज्जलाही वाढवता येत नाही, हायकोर्टाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय. (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट, हेही मला तेव्हाच कळलं.)

उरले होते आठ. त्यातले शेवटचे दोन तुम्ही खोडलेत, "हे आपल्याला नाहीतच." आणि ते पान टर्रकन फाडून माझ्या हातात दिलंत.

बायकोने दबक्या आवाजात विचारलं, "आम्ही बुडवे ठरलो का हो?" तुम्ही म्हणालात, "छे! तुमचा वाद आहे. तो खरा आहे एवढंच कोर्टाला दाखवायचं, कोण बरोबर ते आज ठरत नाही." बुडवे नाही, वाद आहे. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी झोपली.

घाबरलेल्या माणसासमोर बसून दिवस मोजायला किती वेळ लागतो हो? पाच मिनिटं. आधीच्या दोघांकडे तेवढीही नव्हती. फी मात्र दोघांनीही चोख घेतली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तुमचा मेसेज आला, "दाखल झालं, त्यांना पोचलंही. आता जेवून घ्या." पुढे फुगलेल्या दारांचे फोटो आणि तक्रारीचे जुने ईमेल कामी आले, डिमांड रद्द झाली. बोर्डाच्या पैशांचं भांडण अजून चालूच आहे, ते चालू दे.

ते पान आमच्या फ्रीजवर कालनिर्णयशेजारी लावलंय. महिना केव्हाच उलटला, पण बायको काढू देत नाही. परवा पाहुण्यांनी विचारलं, "हे दोन दिवस का खोडलेत?" ती म्हणाली, "ते आमचे नव्हतेच."

तुमचा,
कपाटवाला