कोणती पिशवी?

सातारा
७ ऑगस्ट

नंदे,

त्या दिवशी फोनवर तू तीनदा विचारलंस, "अगं, पण ऑपरेशन नेमकं कशाचं?" आणि मी तीनदा "बरी आहे, बरी आहे" करत राहिले. आई समोर शेंगा सोलत बसल्या होत्या, शेजारच्या काकू भेटायला आलेल्या. त्यांच्यापुढे काय सांगणार? म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक, नाहीतर ठेव. मला आता लाजायचाच कंटाळा आलाय.

काकूंनी सोसायटीभर सांगितलंय की माझी पिशवी काढली. आता, पिशवी काढली हे खरंच आहे. पण त्यांना वाटते ती नव्हे. गर्भपिशवी जागच्या जागी आहे, पाळीही येते. काढली ती लघवीच्या नळीला फुटलेली एक जास्तीची पिशवी. आपल्याकडे बाईच्या पोटात जे असेल ते पिशवीच. गर्भाची पिशवी, लघवीची पिशवी, आणि ऑपरेशननंतर पलंगाला लटकते तीही पिशवीच! डॉक्टरांनी नाव सांगितलं, युरेथ्रल डायव्हर्टिक्युलम. सतीशने ते दोन दिवस घोकलं आणि रजेच्या अर्जात शेवटी लिहिलं, "पत्नीची किरकोळ शस्त्रक्रिया."

किरकोळ! पाच वर्षं गेली गं त्यात.

मंजूच्या लग्नात मी दोनदा साडी बदलली आणि तू मला नटवी म्हणालीस, आठवतं? ते नटणं नव्हतं. लघवी करून उठायचं, नीट कोरडं करायचं, आणि बेसिनपाशी पोचेपर्यंत पुन्हा ओलं. शिंकताना किंवा हसताना जाते तशी नाही. उगाचच, मागाहून, चमचाभर. बँकेत मी गडद रंगाचेच ड्रेस घालायचे. वर जळजळ. आणि सतीश जवळ आला की दुखायचं. सुरुवातीला मी त्याला सांगितलं, मग नुसतीच झोपल्याचं सोंग घ्यायला लागले. त्याला वाटलं, माझं मन उडालं. हे तुलाच सांगतेय.

दर वेळी ठरलेलं. लघवी तपासा, कल्चर करा, आठवडाभर गोळ्या खा. बरं वाटायचं, महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. बार्लीचं पाणी झालं, धणे-जिऱ्याचं झालं, पोटावरून सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर व्हायचंच. दुसरे म्हणाले, विचार कमी करा. चौघांनी फाइल चाळली, पण टेबलावर झोपा, बघू दे, असं एकाही डॉक्टरने म्हटलं नाही. खरं सांगायचं तर म्हटलं नाही म्हणून मलाही हायसंच वाटायचं. दोन्हीकडून लाज.

मग वहिनीने पुण्याच्या एका युरॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. जळजळ होते का, लघवीनंतर मागाहून थेंब येतात का, संबंधांच्या वेळी दुखतं का? हा तिसरा प्रश्न पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मग तपासलं. योनीच्या पुढच्या भिंतीवरून बोटाने हलकेच दाबत बाहेर आल्या, आणि लघवीच्या तोंडातून पू आला. गॉजवर घेऊन मला दाखवला. पिवळट, थेंबभरच. "हा बघा तुमचा विचार," म्हणाल्या. मी रडले गं टेबलावर. दुखलं म्हणून नाही.

चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी चित्र काढून दिलं, ते मी अजून जपून ठेवलंय. बायकांची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटीमीटर. तिच्या भोवती बारक्या ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की आत पू साठतो, गळू होतं, आणि ते नळीच्या आतल्या बाजूला फुटतं. जखम भरते पण पोकळी राहून जाते. मग दर वेळी लघवी होताना थोडी त्या पोकळीत शिरते, आणि आपण उठून उभ्या राहिलो की ठिबकते. शिळी लघवी आत राहिली की जंतूंची सोयच. गोळ्यांनी जंतू मरायचे, पण त्यांचं घर शाबूत. एमआरआयमध्ये ते घर स्पष्ट दिसलं, सुपारीएवढं, नळीला घोड्याच्या नालासारखा वेढा घालून बसलेलं.

अनघाने लगेच वाचून काढलं. इंग्लंडमधल्या विल्यम हे नावाच्या सर्जनने या दुखण्याबद्दल १८०५ मध्ये लिहून ठेवलंय. पण पुढची दीडशे वर्षं ते फार क्वचित सापडायचं. १९५६ च्या सुमारास दोन फुग्यांची नळी लावून दाबाने औषध भरून एक्स-रे काढायची युक्ती निघाली, आणि मग एकदम भराभर बायका सापडायला लागल्या. म्हणजे बायकांना आधी ते नव्हतं थोडंच!

ऑपरेशनआधी लघवी जंतुमुक्त होईपर्यंत त्यांनी हात लावला नाही. कमरेत इंजेक्शन, त्यामुळे मी जागी होते. पडद्यामागचं बोलणं कानावर येत होतं. योनीच्या पुढच्या भिंतीवर उलट्या यू आकाराची चीर, भिंतीचा पडदा सोडवून बाजूला, मग नळीभोवतीचं आवरण आडवं उघडून पिशवी मानेपर्यंत, म्हणजे ती नळीला जोडलेली असते तिथपर्यंत, मोकळी करायची आणि काढायची. मान राहिली तर पिशवी पुन्हा होते. मग नळीचं भोक शिवायचं, त्यावर आवरण, त्यावर भिंत. तीन थर, आणि एका थराचे टाके दुसऱ्याच्या टाक्यांवर येऊ द्यायचे नाहीत. भाऊजींना विचार, गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देतो का? तसंच. एका थरातून गळलं तरी वाट पुढे मिळत नाही. माझी पिशवी वेढा घालणारी, म्हणून बाईंनी बाहेरच्या ओठातली चरबीची पट्टी, तिचा रक्तपुरवठा तसाच ठेवून, आतून ओढून थरांच्या मध्ये घातली. मार्टियस नावाच्या जर्मन डॉक्टरांची ही युक्ती, १९२८ ची. चरबी शेवटी कामाला आली बघ! एका बाजूला अजून थोडी सूज आहे, बसताना कळते.

धोके त्यांनी आधीच सांगितले होते. नळी आणि योनीमध्ये भोक राहून सतत गळणं, खोकल्याला लघवी जाणं, नळी आखडणं, पिशवी पुन्हा होणं. मी सही केली आणि सतीशचा हात इतका दाबला की त्याच्या अंगठीचा वळ माझ्या बोटावर उठला.

मग तीन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेरच्या पिशवीत नेणारी नळी. ते मात्र कुणाला सांगून कळणार नाही. पिशवी बाजारच्या कापडी पिशवीत घालून घरभर हिंडायचे. कूस बदलताना आधी नळी सांभाळायची, मग आपण. मधूनच पोटात कळ यायची, आता लघवी होणार असं वाटायचं आणि नळी तर लावलेलीच. त्यासाठी गोळी होती, तिने तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरी गिळवेना. आईंनी ताक-भात कालवून दिला. काही न विचारता पिशवीही रिकामी करायच्या. लग्न झाल्यापासून आमचं इतकं सख्य कधी नव्हतं.

काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती, कारण क्वचित तिच्यात कॅन्सरही निघतो. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी कपाटं आवरली. निव्वळ सूज, बाकी काही नाही, असं आलं.

कॅथेटर काढायच्या दिवशी एक्स-रे. मूत्राशयात औषध भरलं, कॅथेटर काढलं आणि मशीनसमोर उभं करून म्हणतात, "आता करा." काचेपलीकडे दोन पोरं, इकडे नर्स, आणि मी उभ्याने! आयुष्यभर दाराला दोन कड्या लावून बसणारी बाई मी. दहा मिनिटं काही होईना. शेवटी नर्सने नळ सोडला. कुठेही गळत नव्हतं. कॅथेटर पुन्हा लावावं लागलं नाही.

घरी येऊन बाथरूमला गेले, उठले, बेसिनपर्यंत चालले. थांबले. परत आत जाऊन बघितलं. कोरडं.

शिंकलं तर थेंबभर जातं, ते आहे. बाई म्हणाल्या, व्यायाम करा, तीन महिन्यांनी बघू. नळी नुकती शिवलेली असताना तिला आधार द्यायला जाळीची पट्टी बसवायची नाही. सतीशला अजून काही आठवडे सक्तीची रजा. तो मजेत आहे, निदान आता कारण माहीत आहे त्याला.

काल काकू पुन्हा आल्या. "पिशवी काढली ते बरंच केलंस," म्हणाल्या. "चाळिशीनंतर तिचा उपयोग तरी काय!"

"काही नव्हता," मी म्हटलं.

आई शेंगा खाली ठेवून हसू लपवायला आत गेल्या.

तुझीच,
शैला

ता.क. दिवाळीत तू दोनदा उठून कपडे बदलून आलीस, ते मी पाहिलंय. बाईंचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. तिसरा प्रश्न विचारला तर खरं उत्तर दे.