पालकमंत्री महोदय, काळ्या कातळाखालचं कोल्हापूरही आपल्याच जिल्ह्यात येतं

प्रति,
मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

विषय : जिल्ह्याच्या दक्षिण भागात उघडे पडलेले अतिप्राचीन खडक गौण खनिजाच्या परवान्यांतून वगळण्याबाबत आणि ते लोकांना दाखवण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात दगड म्हटला की काळाच. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, ज्योतिबाचं तसंच, खिद्रापूरचा कोपेश्वर काळा, रंकाळ्यातला संध्यामठही काळा. शाळेत आम्हाला शिकवलं की हा ज्वालामुखीचा लाव्हा, बेसाल्ट, दख्खनचं पठार. ते खरंच आहे. पण हा लाव्हा आला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि पृथ्वीचं वय साडेचारशे कोटींच्या वर. लाव्हा आला तेव्हा इथे जमीन होतीच, नाहीतर तो पसरला कशावर? त्या आधीच्या जमिनीबद्दल हे पत्र आहे. आपल्या जिल्ह्यात ती अजून काही ठिकाणी डोळ्यांनी दिसते, आणि खडी क्रशरला तिथवर पोचायला फार वेळ लागणार नाही.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंग खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. दगडांचा नाद लागला तो वाळूमुळे. साचे करायची आमची सिलिका सँड फोंडा-कासार्डे पट्ट्यातून घाट चढून यायची. पिग आयर्न, म्हणजे वितळवायचं कच्चं लोखंड, यायचं बळ्ळारी-कोप्पळकडून. ही वाळू ओतीव लोखंडाला दाद का देत नाही, आणि बळ्ळारीलाच एवढं लोखंड कुठून आलं, असे दोन साधे प्रश्न घेऊन पुस्तकं चाळायला लागलो. दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी सापडली : धारवाड क्रेटॉन.

क्रेटॉन म्हणजे भूखंडाचा जुना, मुरलेला, कोट्यवधी वर्षं फारसा न हललेला गाभा. भारतात असे पाच मानतात : धारवाड, बस्तर, सिंहभूम, बुंदेलखंड आणि अरवली. धारवाडचा पसारा मुख्यतः कर्नाटक-आंध्रात दिसतो म्हणून आपण तो शेजाऱ्यांचा समजतो. प्रत्यक्षात तो बेसाल्टच्या खालून उत्तरेकडे आलेला आहे. कोल्हापूर त्याच्यावरच बसलंय.

तो झाला कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझी मागणी त्याच्यावरच उभी आहे.

सुरुवातीच्या पृथ्वीवर आजच्यासारखे खंड नव्हते. बेसाल्टी कवच होतं आणि बऱ्याच भागावर पाणी. पोटातली उष्णता आजच्यापेक्षा बरीच जास्त. त्या काळी कोमॅटाइट नावाचा लाव्हा वाहायचा, त्याचं तापमान १६०० अंशांच्या घरात. आम्ही साच्यात लोखंड ओततो ते साधारण १४०० अंशांना. म्हणजे आमच्या लॅडलमधल्या, ओतायच्या बादलीतल्या, लोखंडापेक्षा गरम दगड तेव्हा उघड्यावर वाहत होता. असे कोमॅटाइट कर्नाटकात आजही सापडतात.

फौंड्रीतल्या माणसाला वाटतं, सोपं आहे, हलका माल स्लॅगसारखा, वितळलेल्या लोखंडावरच्या मळीसारखा, वर तरंगला आणि खंड झाले. तेवढ्यावर भागत नाही. पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, खडक एकदा वितळला तर बेसाल्टच मिळतो, आणि बेसाल्टचा खंड होत नाही. खंडासाठी तो बेसाल्ट पाण्याने मुरावा लागतो, मग तीसचाळीस किलोमीटर किंवा त्याहून खोल दबून पुन्हा वितळावा लागतो, आणि तोही अर्धवटच. सगळी किमया त्या अर्धवटपणात आहे. सिलिका आणि सोडियम जास्त असलेला अंश आधी वितळून वर सरकतो, गार्नेटसारखी जड खनिजं खाली राहतात. वर आलेल्या या फिकट खडकांची नावं टोनालाइट, ट्रॉन्ड्येमाइट आणि ग्रॅनोडायोराइट. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालतील. हेच खडक नंतर दाबाखाली पिळवटून पट्ट्यापट्ट्यांचे झाले की त्यांना नाइस म्हणतात. हासन जिल्ह्यातल्या गोरूरच्या आसपासचा नाइस ३३० कोटी वर्षांच्या आसपासचा आहे.

बेसाल्ट एवढा खोल गेला कसा, यावर शास्त्रज्ञांत अजून जोरात भांडण आहे. काही म्हणतात, आजच्यासारखीच एक प्लेट, म्हणजे कवचाचा अवाढव्य तुकडा, दुसरीखाली घुसत होती. काही म्हणतात, तेव्हा प्लेटा नव्हत्याच. लाव्ह्याचे थरावर थर चढत गेले आणि ढिगाचा तळ आपल्याच वजनाने खाली दबून वितळला. पश्चिम धारवाडात नाइसचे घुमट दिसतात आणि त्यांच्यामध्ये खचून बसलेले जुन्या लाव्ह्याचे हिरवट पट्टे. तो नकाशा बघितला की निदान सुरुवातीच्या काळापुरती मला दुसरी बाजू पटते. पूर्व धारवाड पुढे २७० ते २५० कोटी वर्षांच्या दरम्यान घडला आणि पश्चिमेला जोडला गेला. तिथे प्लेटांचा हात असावा.

शेवटचं मोठं काम झालं २५० कोटी वर्षांपूर्वी. क्लोजपेट नावाचा ग्रॅनाइट तेव्हा दक्षिणोत्तर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात वर चढला. असे ग्रॅनाइट येताना युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही उष्णता निर्माण करणारी मूलद्रव्यं वरच्या थरात घेऊन आले. खालच्या कवचातला जाळच निघून गेल्यासारखं झालं. तळ थंड पडला, घट्ट झाला, आणि क्रेटॉन स्थिरावला.

कवचाच्या खाली त्याचं मूळ आहे. प्रावरणातून एवढा लाव्हा निघून गेला की उरलेल्या खडकात लोखंड आणि पाणी कमी राहिलं. तो थंड असूनही हलका, आणि कोरडा असल्यामुळे ताठ. म्हणून तो खाली बुडत नाही आणि सहजी वाकतही नाही. हिरे तयार व्हायला दीडशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त खोली आणि त्या मानाने कमी उष्णता लागते, ती अशाच मुळांत मिळते. अनंतपूर जिल्ह्यातल्या वज्रकरूरचे किंबर्लाइट, म्हणजे हिरे वर आणणारे खडक, ११० कोटी वर्षांपूर्वी तिथूनच वर आले. पण मूळ कायमचं टिकेलच असं नाही. उत्तर चीनच्या क्रेटॉनचा पूर्व भाग डायनासोरांच्या काळात आपलं मूळ गमावून बसला.

आता आमच्या धंद्याचं. साधारण २७० कोटी वर्षांपूर्वी या क्रेटॉनवर उथळ समुद्र होते आणि त्यांच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. ते सिलिकासोबत थराथराने तळाशी बसलं. त्यात सूक्ष्मजीवांचा हात होता असं मानतात. बाबाबुडन, कुद्रेमुख, संडूर, बळ्ळारी इथलं लोहखनिज ते हेच. पुढे नाइस आणि ग्रॅनाइट झिजत गेले. त्यांतलं फेल्डस्पार हे खनिज कुजून चिकणमाती झाली, क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण मात्र टिकून राहिले. ते कलादगी नावाच्या खोऱ्यात साचून वालुकाश्म आणि त्याचाच घट्ट, कठीण प्रकार क्वार्टझाइट बनले. पावसाळ्यात आपण गोकाकचा धबधबा बघायला जातो, तो याच थरांवरून कोसळतो. बदामीच्या लेण्याही याच खोऱ्यातल्या वालुकाश्मात कोरल्यात. फोंडा-कासार्डेची सिलिका वाळू याच कुळातली. शुद्ध क्वार्ट्झ १७०० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून १४०० अंशांचं लोखंड तो अंगावर घेतो. पंपाचं बीड असो की ट्रॅक्टरची कास्टिंग, लोखंड धारवाडचं आणि साचाही धारवाडचा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांमध्ये किती पिढ्यांनी या धुळीत श्वास घेतला, पण त्या धुळीचं वय आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बेसाल्टखाली नक्की काय आहे हे आपल्या भागात कळलं ते भूकंपामुळे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, ६.३ तीव्रतेचा. धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळालेला हा जगातला सर्वांत मोठा भूकंप मानतात. स्थिर म्हटलेल्या गाभ्यात हे घडलं. १९९३ला किल्लारीत पुन्हा घडलं. म्हणजे क्रेटॉन मजबूत असला तरी त्यात जुन्या भेगा आहेत, आणि त्या जिवंत होऊ शकतात. पुढे कोयना परिसरात खोल विवरं खणली गेली. गोठण्याचं विवर तीन किलोमीटर खोल गेलं. वर सुमारे १२४७ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइस. कराडला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची यासाठी खास प्रयोगशाळा आहे. कोल्हापुरातून हायवेने तासा-सव्वा तासाचा रस्ता.

कोयनेला जे बघायला सव्वा किलोमीटर खोल जावं लागतं, ते आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला बेसाल्ट पातळ होत जातो तसं वर येतं. चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या सीमेकडच्या भागात कलादगीचे क्वार्टझाइट आणि शेल, काही जागी त्याहूनही जुने धारवाडचे खडक, ओढ्यांच्या पात्रांत आणि डोंगरांच्या पायथ्याशी डोकं काढतात. फोंडा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर आणखी मोकळे दिसतात. दाजीपूरच्या काळ्या कातळापासून घाटाखालच्या त्या खडकांपर्यंत गाडीने फार वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात आपण कोट्यवधी वर्षं मागे जातो.

अडचण अशी आहे की गौण खनिजाच्या हिशेबात सहा कोटी वर्षांचा दगड आणि त्याहून कितीतरी पट जुना दगड, दोन्ही दगडच. दोन्हीवर ब्रासने रॉयल्टी. क्वार्टझाइट कठीण, त्याची खडी चांगली पडते, त्यामुळे त्याच्यावर नजर आधी जाते. रस्ता रुंद करतानाही तेच. बुलडोझरवाल्याचा यात काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी हे एका कार्यालयात सांगायला गेलो होतो. तिथले साहेब सज्जन होते, चहा पाजला, आणि म्हणाले, “काका, दगड कुठं पळून जातोय का?” जातो, साहेब. ब्रासने जातो.

बेंगळुरूत लालबागेत असाच एक नाइसचा उघडा खडक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. लोक त्याच्यावर बसून शेंगा खातात, मुलं घसरगुंडी करतात, आणि शेजारी पाटीवर वय लिहिलेलं आहे. मला एवढंच हवं आहे. कुंपण घालून सगळ्यांना बाहेर ठेवणारं स्मारक मला नको. भूवारसा जपण्यासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. पण जिल्ह्याने काही करायचं ठरवलं तर त्या कायद्यावाचून अडत नाही.

म्हणून विनंती अशी. दक्षिणेच्या तालुक्यांत दगडखाणीचा नवा परवाना देण्याआधी किंवा जुना वाढवून देण्याआधी एका भूवैज्ञानिकाने जागा बघावी, आणि जुन्या खडकांचे निवडक उघडे भाग गट नंबरासह वगळावेत. अख्खा डोंगर मागत नाही. कुठे चार गुंठे, कुठे ओढ्याचा एक काठ. खडी लागतेच, रस्ते व्हायलाच हवेत, आणि तिला काळा पत्थर जिल्ह्यात भरपूर आहे.

दुसरं, बोअरवेलचं. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात रिगमालकांच्या नोंदणीची तरतूद आहेच. त्याला जोडून या तालुक्यांत बोअर मारताना मुरूम, मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र दगड), काळा पत्थर संपून पांढरा किंवा चमकणारा भुगा किती फुटांवर लागला, एवढी एक ओळ लिहून घ्यावी. बेसाल्टची जाडी कुठे किती, याचा नकाशा फुकटात तयार होईल, आणि भूजलवाल्यांनाही उपयोगी पडेल. क्वार्टझाइटमध्ये पाणी बेसाल्टसारखं थरांमधून नाही, भेगांमधून मिळतं. कोरडी बोअर मारून कर्जात गेलेल्या शेतकऱ्याला ही ओळ आधी वाचायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

तिसरं, शहरात एक खोली. फार मोठी नको. तिच्यात गोरूरचा नाइस, संडूरचं पट्टेदार लोहखनिज, कासार्डेची वाळू, चंदगडकडचा क्वार्टझाइट, आपला बेसाल्ट आणि वरचा जांभा, असे खरे दगड, हात लावून बघता येतील असे. कोयनेच्या विवरातल्या खडकाचा एखादा तुकडा मागितला तर मिळावा, मागणारं पत्र मात्र आपल्या सहीचं हवं. फौंड्रीवाले एखादी कास्टिंग आनंदाने देतील, तेवढी जबाबदारी माझी. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार असाल तर मात्र ही खोली करू नका.

पंचगंगेचा पूर, खड्डे, पाण्याच्या योजना, ही कामं आपल्यापुढे आहेत हे मला कळतं. २०१९ला माझ्याही घरात पाणी शिरलं होतं. त्यांच्या निधीतून रुपया काढा असं मी म्हणत नाही. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत, एक परिपत्रक लागतं. तिसरीला थोडे लागतील.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. जागा दाखवायला मी सोबत येईन. गाडी मात्र आपलीच न्यावी लागेल, चंदगडच्या पुढे काही ओढ्यांपर्यंत माझी स्कूटर जात नाही. आणि शक्यतो दिवाळीनंतर जाऊ. तोवर पाणी उतरतं आणि थर नीट दिसतात.

आपला विश्वासू,
शिरोलीच्या फौंड्रीतला एक निवृत्त कामगार
कोल्हापूर