'एक' (Eck) रॉबर्टसन यांचे विस्मरण

महोदय,

अमेरिकी कंट्री संगीताविषयीच्या आपल्या लेखात या संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९२७च्या ब्रिस्टल (अमेरिकेतील टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील शहर) येथील ध्वनिमुद्रण सत्रांपासून धरला आहे. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९२२च्या जून महिन्याच्या अखेरीस, टेक्सासमध्ये वाढलेले फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन) 'एक' (Eck) रॉबर्टसन हे यादवी युद्धातील वृद्ध माजी सैनिक हेन्री गिलिलँड यांच्यासह न्यूयॉर्कला गेले आणि तेथे व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी काही धून वाजवल्या. त्यांपैकी एकट्याने, कोणत्याही साथीविना वाजवलेली 'सॅली गुडन' ऐकल्यावर या वादकाची खरी ताकद कळते. दोन छोट्या भागांची साधी नृत्यधून ते सतत नव्या रूपांत मांडत जातात आणि शेजारची तार सोबत घुमत ठेवून एकाच वाद्यावर साथीचाही भास निर्माण करतात. (आपल्याकडील तंबोऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण येथे धून आणि घुमणारी तार दोन्ही एकाच गजाने वाजतात.)

एवढ्या कौशल्यानंतरही कंपनीने त्यांना पुन्हा बोलावले ते थेट १९२९मध्ये. मधल्या काळात पियानो जुळवणे आणि फिडलच्या स्पर्धा यांवर त्यांची भिस्त राहिली. १९६०च्या दशकात तरुण लोकसंगीतप्रेमींनी त्यांना शोधून काढले आणि १९६५मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते वाजवू शकले. ब्रिस्टलचे महत्त्व वादातीत असले, तरी आरंभाचा मान रॉबर्टसन यांना नाकारणे इतिहासाला धरून नाही.

— एक वाचक, नाशिक