बोलून लिहा, पण मुलांना मराठी कळफलकही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘फोनशी बोललं की मराठी आपोआप उमटतं, मग टायपिंग शिकून काय करायचं?’ असा प्रश्न पालक हल्ली थेट विचारतात. मी नाशिकरोडला टंकलेखन शिकवते. त्यामुळे मी कळफलकाचीच बाजू घेणार असे कोणाला वाटेल, म्हणून आधी आवाजाबद्दल बोलते.

गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय आणली. ज्यांनी आयुष्यात कधी की-बोर्डला हात लावला नव्हता, अशी माणसे तेव्हापासून लिहिती झाली. साठीच्या बायका नातवंडांना लांबलचक निरोप पाठवतात. दिंडोरी-निफाडकडे निर्यातीच्या द्राक्षांसाठी प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते. औषधाने हात भरलेले असताना ती बागेतच बोलून करता आली, तर संध्याकाळी आठवून लिहिण्यापेक्षा कितीतरी बरी. दृष्टिहीनांना आणि बोटांनी अधू असलेल्यांना तर या सोयीने किती आधार मिळाला असेल!

पण ऐकणारे यंत्र शेवटी अंदाज बांधते. आवाजाशी जुळणारा, वाक्यात बसेल असा शब्द ते निवडते. गप्पांमध्ये हे चालते. औषधाचे नाव, मात्रा, गट नंबर, आडनाव यांत चालत नाही. गोंगाटात ‘एकोणसाठ’चे ‘एकोणसत्तर’ झाले तरी वाक्य बिनचूकच दिसते. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात दाखल होणाऱ्या अर्जात असा आकडा गेला, तर निस्तरायला किती तारखा लागतील? म्हणजे बोलून झाल्यावर वाचून दुरुस्त करणारा माणूस हवाच, आणि त्याच्या बोटांना मराठी यायला हवी.

शिवाय आपला जिल्हा एका सुरात बोलत नाही. बागलाण, मालेगाव, देवळ्याकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा. फोनला प्रमाण मराठीची सवय. अहिराणी बोलणारी मुलगी त्याच्याशी बोलताना स्वतःची बोली बाजूला ठेवते, हे मी वर्गात पाहते आणि मला वाईट वाटते. कळफलकावर मात्र ती तिला हवे ते, हवे तसे लिहू शकते. यंत्रांना भारतीय भाषा समजाव्यात यासाठी केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. अशा कामांत आपल्या बोलींचे आवाज भरपूर गोळा व्हायला हवेत, यासाठी इथल्या महाविद्यालयांनी पुढे यावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. बोलून लिहायला एकांत लागतो. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे शेजारी बसलेले असताना एखादी बाई आपली तक्रार मोठ्याने सांगू शकेल का? सेतू केंद्राच्या रांगेत कोणी आपला आजार, उत्पन्न, आधार क्रमांक उच्चारून लिहावा का? मनातले कोणालाही न ऐकवता लिहिता येणे हा हक्क आहे, आणि तो बोटांमुळे टिकतो.

बोटांनी लिहिणे म्हणजे फोनच्या काचेवर लिहिणे, असे मुले धरून चालतात. काचेला उंचवटे नसतात. खऱ्या कळफलकावर ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बारीक रेघ असते. तर्जन्या तिथे टेकल्या की खाली न बघता सगळा कळफलक सापडतो. सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत नेमक्या याच कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ आहेत. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. जोडाक्षरासाठी मधे हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण, दिला की झाले. हीच जागा-रचना गुजराती, बंगाली, तमिळलाही आहे. विंडोज संगणकात ती आधीपासूनच असते, एक पैसा पडत नाही. इतकी विचारपूर्वक केलेली गोष्ट हाताशी असताना आपली मुले इंग्रजी अक्षरांत ‘मी’साठी ‘mi’ लिहू की ‘me’, या घोळात अडकतात. हे मला सहन होत नाही.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची अट असते, म्हणून नोकरीच्या मागे लागलेली मुले विशीत माझ्याकडे येतात. बाकीच्यांना मराठी कळफलक कधी दिसतच नाही. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांनी पाचवीपासून संगणकाच्या तासातली वीस मिनिटे इनस्क्रिप्टला द्यावीत. की-बोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावावेत, आणि सरावासाठी धडे हवे असतील तर आमच्यासारख्या संस्थाचालकांना बोलवावे. मी स्वतः विनामोबदला यायला तयार आहे.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका, नाशिकरोड