आधी टेप, मग कॅसेटी

रत्नागिरी,
८ जुलै

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

जुन्या बाजारातून आणलेल्या खोक्याचा फोटो पाहिला. खोकंभर कॅसेटी आणल्यास आणि वाजवायला तुझ्याकडे काही नाही! बाबा "वरातीमागून घोडं" एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. फोनवर सांगायला लागले की तुझं "हो आई, हो आई" सुरू होतं, म्हणून लिहूनच पाठवते. लग्नाआधी सांगलीत कॅसेटच्या दुकानात मी गाणी भरून द्यायचं काम करायचे, हे तुला ठाऊक आहेच. तिथे बसलेला हात अजून गेलेला नाही.

पहिलं म्हणजे यंत्र. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा नवा वॉकमन घेऊ नकोस. त्याची यंत्रणा हलकी असते, वेग धड राहत नाही. कॅसेटचं रीळ हेडवरून, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावरून, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर याच वेगाने जायला हवं. त्यात जरा मागेपुढे झालं की सूर हलतो. सिनेमातल्या गाण्यात वाद्यांच्या गर्दीत ते लपून जातं, तानपुऱ्यात लगेच उघडं पडतं. तेव्हा ऐंशी-नव्वदच्या दशकातला चांगल्यापैकी डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मशीन, शोध आणि बघायला जाताना एखादी ख्यालाची कॅसेट बरोबर ने. अडकून तुटली तरी जीव हळहळणार नाही अशी. सुरुवातीचा तानपुरा ऐक. तो थरथरत असेल तर बहुतेक वेळा मशीन गेलेलं नसतं, आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेला बेल्ट ताणतो, कधी तर वितळून त्याचा काळा चिकटा होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत, चौकशी कर. जुना बेल्ट खिशात घालून जा आणि मापाला माप लावून आण. डेकचा भाव करताना मात्र "बेल्ट गेलाय" हे आपणच आधी म्हणायचं.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक पाठकोऱ्या कागदावर यादी घेऊन यायचं. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे गाणी नऊ, फार तर दहा. यादीत एका बाजूसाठी हमखास पंधरा! मग नव्वदची घ्या म्हणायचं. काही जण हौसेने एकशेवीसची मागायचे, त्यांना मी परतवून लावायचे. डबी तेवढीच आणि रीळ दुप्पट, मग ते पातळ केल्याशिवाय मावणार कसं? साठच्या कॅसेटमधलं रीळ १६ ते १८ मायक्रॉन जाड असतं, नव्वदमधलं १२ च्या आसपास आणि एकशेवीसमधलं जेमतेम ९. असलं रीळ ताणतं, रबरी रोलरला गुंडाळतं आणि मग पेन्सिल घेऊन बसायची वेळ येते. तुझ्या खोक्यात सी-१२०, म्हणजे अशी एकशेवीसची, असेल तर ती उगाच पुढेमागे पळवू नकोस. एकदाच सलग वाजव आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घे.

(हा भरून द्यायचा धंदा काही कायद्यात बसणारा नव्हता. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा कडक झाला तेव्हा मालकांनी बाहेरची पाटी उतरवली. काम आतल्या खोलीत चालूच राहिलं.)

आता विकत घेण्याबद्दल. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, पानाच्या ठेल्यावरसुद्धा मिळायला लागली आणि जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या कॅसेटींचं पेव फुटलं. वर रफींचं नाव ठळक आणि खरं गाणाऱ्याचं नाव मुंगीएवढं. दुसरा प्रकार झंकारचा. मूळ गाण्यावर ढमढम ताल आणि घुमारा चढवलेला. रिक्षात ऐकायला ठीक, पण संग्रहात ठेवायची तर ते काय आहे हे माहीत असू दे. तसं बघितलं तर सिनेमाची गाणी कॅसेटवर जमवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, ती फोनवर आहेतच. जे फक्त कॅसेटवर निघालं आणि तिथेच राहिलं ते शोध. छोट्या छोट्या कंपन्यांनी काढलेली भारुडं, भीमगीतं, शाहिरी, आपल्या कोकणातला शक्ती-तुरा. चाकरमानी मुंबईहून येताना शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटी घेऊन यायचे आणि गणपतीत दिवसरात्र वाजवायचे. पुण्यातच आहेस तर अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटींवरही डोळा ठेव, जुन्या घरांतून त्या अधूनमधून बाहेर पडतात. नुसता आकडा वाढवायला मात्र काही घेऊ नकोस. ऐकून न झालेल्या कॅसेटींचा ढीग म्हणजे भंगारच.

आणलेली कॅसेट लगेच डेकमध्ये घालायची नाही. आधी तिची खिडकी उजेडाकडे धरून बघ. रिळाच्या कडेवर कोळिष्टकासारखं पांढरट काही दिसलं तर ती बुरशी. तशीच वाजवलीस तर ती हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आमच्या इथल्या पावसाळ्यात हे नेहमीचंच. अशी कॅसेट बाजूला काढ. गॅलरीत बस, नाकाला रुमाल बांध, मऊ कोरडं सुती कापड रिळाला हलकेच लावून धर आणि एका चक्रीवरून दुसरीवर सावकाश फिरव. कापड सारखं बदलत राहा. एका फेरीत भागत नाही.

रीळ तुटलं असेल तर घाबरू नकोस. बऱ्याच कॅसेटींना पाच स्क्रू असतात, ते काढून वरचं झाकण सरळ उचल. वाकडं उचललंस तर आतल्या बारीक चकत्या कुठे उडतील सांगता येत नाही. तुटलेली दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी काप, म्हणजे ती एकमेकांना नेमकी भिडतात. चिकटपट्टी आतल्या बाजूने लावायची. बाहेरची बाजू हेडला घासते, आवाज तिथे असतो. साधी सेलोटेप लावू नकोस. काही महिन्यांत तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचा वेढाही चिकटतो. रिळाची म्हणून वेगळी पट्टी मिळते. ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या बाहेर ती तसूभरही येता कामा नये. आवाज अचानक दबका झाला तर कॅसेटमधली हेडसमोर येणारी तांबूस पट्टी बघ. तिच्यावर नमद्याचा छोटा चौकोन असतो, जुना झाला की गळून पडतो. त्यासाठी एखादी टाकाऊ कॅसेट सुट्या भागांना म्हणून ठेवून दे.

हेड पुसायला मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. कानातल्या काड्यांनी हेड आणि लोखंडी दांडी पूस. रबरी रोलरला मात्र पाण्याचं ओलसर फडकं पुरतं, अल्कोहोलने रबर कडक होतं. ठेवायच्या कशा ते तुला कळेलच: उभ्या, डबीत, रीळ एका टोकाला पूर्ण गुंडाळून. स्पीकरला चिकटून नाही आणि गाडीत तर नाहीच. चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नकोस, कपाटात टाक.

तुझा फोटो मोठा करून बघितला तर डाव्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेल्या दोन-तीन कॅसेटी दिसल्या. एकीवर "वास्तुशांत, भजन" असं काहीतरी आहे. बाजारातून आणलेल्या असल्या कॅसेटी पोरं रिकाम्या समजून त्यांच्यावर आपलं काहीतरी भरतात. तू तसं करायचं नाही. आधी कॅसेटच्या मागच्या काठावरचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाक, म्हणजे चुकूनही वर काही भरलं जाणार नाही. मग दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐक. गाणं संपल्यावर माणसं बोलत बसलेली असतात आणि टेप बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. कुणाचं घर, कुठलं गाव, काही कळलं तर कागदावर लिहून डबीत घाल. कुणी ओळखीचं निघालं तर कॅसेट त्यांना परत दे, स्वतःकडे प्रत ठेव. प्रत करताना फोन स्पीकरसमोर धरायचा नाही. डेकमधून वायरने सरळ कॉम्प्युटरला दे आणि आधी वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) कर, एमपीथ्री नंतर करता येते.

आपल्या आप्पांच्या भजनी मंडळाची कॅसेट तू मागितलीस, ती कुरियरने पाठवणार नाही. या दिवसांत पार्सल कुठल्या गोदामात भिजत पडेल याचा नेम नाही. गणपतीला येशील तेव्हा डेक आणि लॅपटॉप दोन्ही आण, इथेच बसून उतरवू. तिच्या बी बाजूला मध्येच आप्पा पेटीवाल्याला ओरडतात, ते कापायचं नाही असं बाबांनी आत्ताच बजावलंय. आणि बेल्ट घेशील तेव्हा आपल्या इथल्या टू-इन-वनचाही (रेडिओ-टेपचा) एक घे. जुना बेल्ट या पाकिटात घातला आहे.

तुझी
आई